मले नाई समजलं

आमच्या कॉलेजच्या बॅचचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात सकाळच्या शुभेच्छा असतात, पोरांचे टक्के असतात, गुडघेदुखीवरचे उपाय असतात, आणि अधूनमधून मेश्रामबाई असतात. बाई स्वतः ग्रुपवर नाहीत. त्यांची नक्कल असते. कोणीतरी हेल काढून आवाज टाकतो, "सऽर, मले नाई समजलंऽ! पुन्हा सांगा!" आणि खाली हसऱ्या तोंडांची रांग लागते. त्या रांगेत एक तोंड माझंही असायचं. वर्षानुवर्षं.

गेल्या दिवाळीत पुन्हा तेच झालं. पण या वेळी त्या हसऱ्या तोंडांच्या खाली माझ्या जुन्या दोस्ताने, अन्वरने लिहिलं, "त्या दिवशी मी उठायला पाहिजे होतं. माझीच हिंमत झाली नाही. अजून डाचतं." मग एकाने फुलबाजीचं चित्र टाकलं आणि विषय बुडाला.

मी फोन गादीवर आपटला. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही. मला काय झालं हे विचारलं की 'काही नाही' म्हणण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. त्या रात्री राग कोणाचा आला होता ते सांगतो, पण आधी बाई सांगतो. कारण ग्रुपवर जी नक्कल फिरते ती बाईंची नाही. ती आमच्या भेकडपणाची आहे.

सुलोचना मेश्राम. सिंदेवाहीकडच्या. दहावीनंतर पॉलिटेक्निकला सिव्हिलचा डिप्लोमा केला, मग काही वर्षं एटापल्लीकडे एका ठेकेदाराच्या साइटवर सुपरवायझर म्हणून राहिल्या. नाल्यांवरचे रपटे, मोऱ्या, आश्रमशाळेच्या भिंती. तिथून त्या डिग्रीला चंद्रपूरला आल्या. आम्ही बाकीचे डिप्लोमावाले मिसरूड फुटलेली पोट्टी, आणि त्या आमच्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. वर्गाने त्यांना 'बाई' म्हणायला सुरुवात केली ती खिजवायला. बाईंना ते कळलं, आणि त्यांनी ते सरळ अंगावर घेतलं. "हो, बाईच हाओ मी. बसा खाली," म्हणायच्या. आठवडाभरात चेष्टा विरली आणि नाव राहिलं.

वेणी इतकी घट्ट की भुवया वर ओढल्यासारख्या दिसायच्या. खांद्याला नकाशे काढायचा ड्राफ्टर असा अडकवलेला की वाटावं बाई शिकारीला निघाल्यात. पिशवीत ओळंबा. हो, गवंड्याचा ओळंबा. का, विचारलं तर म्हणायच्या, "आदत हाय. तो नाई राह्यला तं पिशवी हलकी लागते." दुसऱ्याचं खोडरबर घेऊन परत न देणं ही त्यांची मोठी खोड. मागितलं की वर आपल्यालाच ऐकवायच्या, "काऊन गा, इतक्या चुका करतं का तू?" इंग्रजी संभाषणाच्या तासाला त्या उघड झोपायच्या, पहिल्या बाकावर, मान सरळ ठेवून. कोणाचं कौतुक त्यांच्या तोंडून निघालेलं मी ऐकलं नाही. एखादं काम फारच आवडलं तर म्हणायच्या, "चालते."

डिप्लोमावाल्याची डिग्रीतली गोष्ट ज्याने भोगली नाही त्याला थोडी समजावून सांगावी लागेल. दहावी झाली की आम्ही पॉलिटेक्निकला जातो. कानशीने लोखंड घासतो, विटा रचतो, साखळी धरून शेतं मोजतो. मग डिप्लोमा झाला की थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला बसवतात. बारावीचं गणित आम्ही बघितलेलं नसतं, डिग्रीचं पहिलं वर्षही केलेलं नसतं. आणि आमचे प्रवेश लागतात सगळ्यात शेवटी. आम्ही वर्गाच्या दारात उभे राहिलो तेव्हा पहिली चाचणी होऊन गेली होती. हजेरीपटावर आमचे नंबर सगळ्यांच्या शेवटी, आणि बाकही शेवटचे. तसा काही नियम नव्हता. आम्ही आपणहूनच मागे गेलो.

बाई नाही गेल्या. पहिल्या बाकावर दोन मुली होत्या. बाईंनी पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, "सरक वो पोरी. मले इथून दिसते."

फळ्यावर गणिताचे सर होते. त्यांनी खडू खाली न ठेवता म्हटलं, "आली का डिप्लोमा मंडळी? बसा, बसा. ट्रेन सुटलेली आहे, लटका आता." वर्ग हसला. आम्हीही हसलो. ते पाच मिनिटांत फळा भरायचे आणि तितक्याच वेगात पुसायचे. त्या पहिल्याच तासाला बाईंचा हात वर गेला.

"सर, मले नाई समजलं. हे कुठून आलं?"

"फर्स्ट इयरला झालंय ते."

"आमी फर्स्ट इयर नाई केलं, सर."

"मग तो माझा दोष आहे का?"

"तुमचा नाई. पर मले नाई समजलं. पुन्हा सांगा."

सरांनी पुन्हा सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंचा हात पुन्हा वर. तिसऱ्या दिवशीही. तेच वाक्य, तोच आवाज. त्यात विनवणी नव्हती की उर्मटपणा नव्हता. रेशनच्या दुकानात आपला माल मागावा, तसा तो आवाज होता. मागच्या बाकांवर आम्ही माना खाली घालायचो. आम्हाला तरी कुठे समजत होतं? एक अक्षर समजत नव्हतं. पण बाई बोलल्या की लाज मात्र आम्हाला वाटायची. मी जिवतीच्या डोंगरावरचा. महिन्याभरात मी 'मले' टाकून 'मला' धरलं, 'काऊन'चं 'का' केलं. बाईंनी एकदा रस्त्यात थांबवून विचारलं, "वासू, आजारी हायस का गा? आवाज बदलला तुया."

आमच्यात आणि बारावी करून आलेल्यांत एक छुपा सौदा होता. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला त्या पोरांना उंची मोजायचं लेव्हलचं यंत्र मांडता यायचं नाही. स्क्रू फिरवता फिरवता नळीतला बुडबुडा मध्यावरून पळून जायचा. ते आम्ही मांडून द्यायचो, पट्टीवरची वाचनंही घेऊन द्यायचो. बदल्यात ते आम्हाला गणिताच्या नोट्स द्यायचे. बाईंनी तो सौदा मोडला. त्यांच्या गटातल्या एका डॉक्टरच्या पोराला म्हणाल्या, "हात लाव. मोडत नाई ते."

"तुम्हीच करा ना बाई, तुम्हाला येतं."

"मले येते म्हनूनच मी नाई करत. तू कर."

तो वैतागला, उन्हात घामाघूम झाला, शेवटी बुडबुडा मध्ये आला. बाईंनी भिंगातून बघितलं. "चालते." पण नोट्स बंद झाल्या. त्यांच्याच नाही, आमच्या सगळ्यांच्या. संध्याकाळी आम्ही पोरं बाईंवर तुटून पडलो. तुम्हाला काय पडलंय, आम्ही कसं पास व्हायचं? बाई म्हणाल्या, "त्याईनं लिहिलेलं पाठ करून तुमी पास होसाल. समजनार कवा?"

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. खरं सांगतो, आजही थोडा येतो. जो माणूस स्वतःला सूट देत नाही, तो इतरांनाही देत नाही. असल्या माणसाजवळ बसलं की अंगावरचे कपडे मळलेले वाटायला लागतात.

पण बाईंना सूट परवडणारीच नव्हती. वर्ष गेलं तर फ्रीशिप बंद, आणि घरून काही येण्यासारखं नव्हतं. ठेकेदाराने सांगून ठेवलं होतं, उन्हाळ्यापर्यंत जागा ठेवतो, पुढे नाही. बाई हे सगळ्यांना एस्टीची वेळ सांगावी तसं सांगायच्या. "हे वर्ष निघालं तं इंजिनिअर. नाई निघालं तं एटापल्ली. मधात काई नाई."

म्हणून त्यांनीच काढलं की डिप्लोमावाल्यांसाठी गणिताचे जादा तास मागायचे. मुळापासून. एकट्याच विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेल्या. प्रमुख म्हणाले, "सोमवारी वर्गात येतो. ज्यांना हवेत त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहायचं. निम्मे जरी उभे राहिले तरी तास लावतो."

रविवारी संध्याकाळी आम्ही सगळे बाईंच्या खोलीवर जमलो. एका मुसलमान शिवणकामवाल्याच्या घरात मागची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. घरमालकीण खाला चहा घेऊन आली आणि म्हणाली, "सुलोचना, ये सब बच्चे इंजीनियर हैं? इनकू तो नाक पोंछना नहीं आता." सगळे हसले, बाईसुद्धा. मग बाईंनी एकेकाकडे बघून विचारलं, "उद्या उभे राहसान ना?" सगळ्यात आधी मीच म्हणालो, "बाई, तुम्ही उठल्या की तुमच्या मागे मी उठतो." अन्वर माझ्या शेजारी होता. पॉलिटेक्निकपासूनचा माझा दोस्त, राजुऱ्याचा, बुजरा. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "वासू उठला की मी बी उठतो." मग बाकीच्यांनी माना डोलावल्या.

सोमवारी प्रमुख आले. बाजूला गणिताचे सर, हाताची घडी घालून. प्रमुख म्हणाले, "ज्यांना गणित जड जातंय, ज्यांना पहिलीपासून शिकायचंय, त्यांनी उभं राहा."

बाई उठल्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. बघायची गरज त्यांना वाटली नसावी.

कोणीच उठलं नाही.

"एकच?" प्रमुखांनी विचारलं.

तेव्हा बाई वळल्या. शेवटच्या बाकांवरून त्यांची नजर हळूहळू फिरली आणि माझ्यावर थांबली. मी वहीत काहीतरी लिहीत होतो. काय लिहीत होतो देव जाणे. बाई परत समोर वळल्या. "एक तं एक," म्हणाल्या. "मले शिकवा."

"एकटीसाठी तास लावता येत नाहीत."

"काऊन?"

वर्ग फुटला. इतका हसला की प्रमुखही हसले. बाई हसू संपेपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग, कोणी बस म्हटलं नाही तरी, बसल्या.

ग्रुपवर ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. डिप्लोमावाले लाजले, घाबरले, लहान होतो यार आपण. अन्वरसुद्धा तेच मानून बसला होता, की आपण घाबरलो. मीही इतकी वर्षं मान डोलावली. आता पुरे.

मी घाबरलो नव्हतो. मला जादा तासांची गरजच नव्हती.

गणिताच्या सरांचं शहराबाहेर नव्या लेआउटमध्ये घर चाललं होतं. महिनाभर आधी त्यांनी मला थांबवून विचारलं होतं, डिप्लोमा सिव्हिलचा ना? नकाशा काढता येतो? मी नकाशा काढून दिला. मग रोज सकाळी साइटवर जाऊन मिस्त्रीवर लक्ष ठेवायचो, भिंतींना पाणी मारायचो, आणि त्याबद्दल सर मला गणित शिकवायचे. प्लास्टर न झालेल्या विटांच्या भिंतीवर, खडूने. आणि काय शिकवायचे! हे कुठून आलं, ते कुठून आलं, अगदी मुळापासून. बाई ज्याच्यासाठी रोज हात वर करायच्या ते सगळं त्या भिंतीवर होतं. म्हणजे या माणसाला शिकवता येत होतं. वर्गात पाच मिनिटांत फळा पुसणाऱ्या या माणसाला सगळं सगळं नीट सांगता येत होतं! ते आठवलं की अजून माझ्या कानशिलात घण पडतात. त्या भिंतीवर पुढे गिलावा झाला. आत माझं गणित आहे.

त्या रविवारी सकाळी सर म्हणाले होते, "उद्या तास लागले तर ते माझ्याच गळ्यात पडणार. मग ही सकाळ काही जमायची नाही. बघ बुवा तू." एवढंच. धमकी नाही, काही नाही. आणि त्याच संध्याकाळी मी बाईंच्या खोलीवर जाऊन खालाचा चहा प्यालो आणि सगळ्यात आधी शब्द दिला. न उठायचं, हे तेव्हाच ठरलेलं होतं माझं.

तरी एवढ्यावरच भागलं असतं तर मी कदाचित हे लिहिलं नसतं. सोमवारी बाई उठल्या तेव्हा अन्वर माझ्यासाठी थांबला नाही. तो बुजरा अन्वर उठत होता. बाकावरून त्याचं अंग वर उचललं गेलं होतं. आणि मी बाकाखालून त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि दाबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो बसला. त्याच्या पलीकडच्यांनी ते बघितलं, आणि तेही बसून राहिले.

अन्वर तो हात विसरला होता. त्याला फक्त आपण बसलो एवढंच आठवत होतं. त्याने माझा हात स्वतःची भीती समजून इतकी वर्षं बाळगला होता. दिवाळीत मला राग आला तो हाच. माझा मला.

बाईंनी उन्हाळ्यापर्यंत हात वर करणं सोडलं नाही. निकाल लागला. गणित गेलं, गणितावर उभे असलेले आणखी दोन विषय गेले, वर्ष गेलं. मी पहिल्या वर्गात पास. निकालाच्या फलकासमोर बाई भेटल्या. मी काहीतरी पुटपुटलो. त्या म्हणाल्या, "तुले समजलं होतं ना पर? समजून पास झाला ना?" मी हो म्हणालो. "मंग चालते," म्हणाल्या आणि पिशवीतून माझं खोडरबर काढून माझ्या हातावर ठेवलं.

आज मी बांधकाम खात्यात साहेब आहे. त्या दिवाळीनंतर, हिवाळ्यात बदली होऊन माझ्याकडे एटापल्लीचा भाग आला. एका नाल्यावर पुलाचं काम होतं, पाहणीला गेलो. गाडीतून उतरलो आणि आधी आवाज ऐकू आला. "सिधी धर ना गा! झोपला का?" पलीकडच्या काठावर एकजण मापाची पट्टी धरून उभा होता आणि अलीकडे बाई लेव्हलच्या भिंगाला डोळा लावून. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. वेणी पिकलेली, तरी तेवढीच घट्ट. ठेकेदार बदललेला, काम तेच. त्यांनी घेतलेल्या त्या मापांवर आता सही माझी.

"अगा वासू!" मला बघून त्या खरोखर खूश झाल्या. "केवढा फुगला रे! बस, चहा सांगतो."

चहा येईपर्यंत मी थांबलो असतो तर पुन्हा 'काही नाही' म्हणालो असतो. उभ्या उभ्याच बोललो. मजूर जवळ होते, ड्रायव्हर होता. मी खालच्या आवाजात, भरभर, सगळं सांगून टाकलं. घर, भिंत, सर, अन्वरची मांडी, दिवाळीत त्याने लिहिलेलं.

बाईंनी मान जराशी तिरपी केली. वर्गात करायच्या तशी.

"मले नाई समजलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा सांग."

मला वाटलं टोमणा आहे. नव्हता. त्या थांबल्या होत्या. मजुरांनी फावडी थांबवली होती. मग मी पुन्हा सांगितलं. या वेळी हळू, मोठ्याने, एकेक गोष्ट क्रमाने. बोलता बोलता कधी 'मला'चं 'मले' झालं मला कळलं नाही. विटांच्या भिंतीपाशी आलो तेव्हा त्यांनी अडवलं. "मुळापासून शिकवत होता तो?"

"हो."

"चांगलं शिकवत होता?"

"हो, बाई. लय चांगलं."

बाईंचा चेहरा तिथे एकदा हलला. माझ्यामुळे नव्हे, त्या भिंतीमुळे.

"आता समजलं," म्हणाल्या. मग विचारलं, "अन्वरले सांगतलं?"

"नाही."

"मंग मले काऊन सांगून राह्यला?" आता त्यांचा आवाज चढला. "मी तं उभी राह्यली होती. माह्या मनात काई नाई. तो बिचारा अजून सोताले भेकड समजून राह्यला अन् तू इथी माह्याकडे हलका व्हाले आला? लाज वाट्टे का नाई तुले?"

मी खिशातला फोन काढून दाखवला. रेंज नव्हती. मला, खोटं का बोलू, क्षणभर बरं वाटलं.

बाईंनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि लेव्हलकडे वळल्या.

"साहेब," म्हणाल्या, "पुढं टेकडीवर रेंज येते."

चहा आला, तो मजुरांनी प्याला. मी गाडीत बसलो. टेकडीवर पोचताच ड्रायव्हरला म्हटलं, थांब. खाली सागाच्या झाडांमधून नाला दिसत होता. बाई भिंगाला डोळा लावून वाकल्या होत्या, एक हात वर, पलीकडच्याला हळूहळू उजवीकडे सरकवत होत्या. अजून थोडा. अजून थोडा. मग तो हात खाडकन खाली आला. जमलं होतं.

मी कानाला लावलेल्या फोनवर रिंग वाजत होती. अन्वरने उचलला.

"बोल गा वासू," तो म्हणाला.